सोलापूरला बदली झाली आणि कॅमेरा कपाटात गेला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीनं, लग्नानं किंवा शिक्षणासाठी सोलापूरला आलेली आणि येताना कॅमेरा सोबत आणलेली बरीच माणसं मला भेटतात. कुणी रेल्वेत असतं, कुणी बँकेत, कुणी विद्यापीठात. कुणी नाशिकहून आलेलं असतं, कुणी कोल्हापूरहून, कुणी माझ्यासारखं रत्नागिरीकडून. सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. या शहरानं मला फोटोग्राफीत जे शिकवलं ते समुद्रकाठी राहून मला कळलं नसतं. म्हणून इथं येऊन कुणाचा कॅमेरा बंद पडला की मला मनापासून वाईट वाटतं.

खरं सांगा, सोलापुरात फोटो काढण्यासारखं आहे काय?

आहे, पण रस्त्यावरून जाताना दिसेल असं थोडं आहे. गाडीवरून दिसतात ते फ्लेक्स, धूळ, खोदलेला रस्ता आणि रंग उडालेल्या भिंती. बाहेरून आलेला माणूस डोंगर, पाणी, धुकं, कौलारू घरं शोधतो आणि महिन्याभरात निराश होतो.

देखणी ठिकाणं इथंही आहेत. तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर, शेजारचा भुईकोट किल्ला, अप्पासाहेब वारदांनी बांधलेली आणि पुढं महापालिकेची झालेली इंद्रभुवन ही इमारत. ती जरूर टिपा. पण ती दोन-चार रविवारांत संपतात, आणि तुमच्याआधी हजारोंनी ती टिपलेली असतात.

सोलापूर हे कष्टाचं गाव आहे. गिरण्यांनी ते वाढवलं आणि गिरण्या बंद पडल्यावर यंत्रमागांनी सांभाळलं. चादर, टॉवेल, विडी, शाळेचे गणवेश, ज्वारी, डाळिंब. इथं बघण्यासारखं जे आहे ते कुणाच्या तरी हातात चाललेलं असतं, दाराच्या आत. त्यामुळं इथं ठिकाणांची यादी करण्यापेक्षा कामांची यादी करा. कोण काय करतं, किती वाजता करतं, त्या वेळी उजेड कुठून येतो, हे एकदा कळलं की विषय शोधायची वेळ येत नाही.

कॅमेऱ्याला हात लावावासाच वाटत नाही. काय करू?

पहिले काही महिने स्वतःवर जबरदस्ती करू नका. नवं घर, नवं ऑफिस, पाणी कोणत्या दिवशी येणार याचा हिशोब. इथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि त्याच्याभोवती घराचं सगळं वेळापत्रक फिरतं, हे कळेपर्यंतच माणूस थकतो.

मग एक जागा ठरवा. घरापासून चालत जाता येईल अशी: भाजी मंडईचा एक कोपरा, चहाच्या टपरीसमोरची भिंत, तुमच्याच गल्लीतला पाण्याचा दिवस. आठवड्यातून एकदा त्याच वेळी तिथं जायचं, एकच लेन्स घ्यायची. ३५ किंवा ५० मिलिमीटर पुरते. मोबाइल असेल तर तोही चालतो. पहिल्या खेपांना काहीच मिळणार नाही. नंतर तिथली माणसं तुम्हाला ओळखू लागतात, कॅमेऱ्याकडं बघायचं सोडून देतात, आणि आपलंही लक्ष मोठ्या दृश्यावरून उतरून हातांवर, चपलांवर, सावलीच्या कडेवर जातं.

कोकण किंवा घाटमाथ्यावरून आलेल्यांना मी आणखी एक गोष्ट सांगते. डोळा हिरव्याला सरावलेला असतो आणि इथं हिरवं नसलं की त्याला सगळंच ओसाड वाटतं. महिनाभर कॅमेरा कृष्णधवलवर ठेवा. रंगांची तुलना थांबली की आकार दिसायला लागतात. नंतर रंगाकडं परत आलात की इथले रंग वेगळे दिसतील: काळी माती, कडब्याचा फिका पिवळा, निळीच्या चुन्यानं रंगवलेल्या भिंती, चादरीचा गर्द लाल आणि मोरपंखी.

उन्हाळ्यात सकाळी आठनंतर फोटो खराबच येतात. मार्च ते जून घरी बसायचं का?

या प्रश्नावर मी भरपूर बोलू शकते, कारण सोलापूरचं ऊन हाच इथला सर्वांत मोठा शिक्षक आहे.

आधी सूर्याचं गणित समजून घ्या. सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. हीच ती शून्य सावली. ऑगस्टच्या सुरुवातीला ती पुन्हा येते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. ही वेळ घड्याळातल्या बाराला मात्र येत नाही. आपलं घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर चालतं आणि सोलापूर ७६ च्या जरा अलीकडं, म्हणून मे महिन्यात इथली खरी दुपार बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी होते. डिसेंबरच्या अखेरीस हाच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळं थंडीत दिवसभर फोटो काढता येतात: सावल्या लांब, चेहऱ्यावर उजेड तिरपा. नोव्हेंबर ते जानेवारी हा इथला खरा हंगाम आहे, सुट्ट्या त्याच वेळी टाका.

मे महिन्यात सूर्य सहाच्या आत उगवतो, तेव्हा पहाटे बाहेर पडा. सडा घालणं, दूधवाले, फुलांचा बाजार, गच्चीवर झोपलेली माणसं, सगळं आठच्या आत संपतं. त्यानंतर उन्हात उभं राहून उन्हातले फोटो काढू नका. सावलीत जा आणि सावलीतलेच काढा. पत्र्याच्या शेडला पडलेली भोकं, अर्ध्यावर ओढलेलं दुकानाचं शटर, जुन्या घरातला माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा झरोका. बाहेरचं ऊन जितकं प्रखर, तितका समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून उलटून आत येणारा उजेड मऊ असतो. दाराच्या आत हातभर अंतरावर बसलेल्या आजीचा चेहरा त्या उजेडात जसा उतरतो तसा स्टुडिओतल्या दिव्यांनी उतरवायला फार खटाटोप करावा लागतो.

भर उन्हात काम करायचंच असेल तर उजेड चेहऱ्यासाठी वाचवा आणि बाकीचं काळोखात जाऊ द्या. चेहऱ्यावर किंवा पांढऱ्या कपड्यावर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते ठरवलं की सावल्या शाईसारख्या काळ्या होतात आणि गर्दीचा बाजारसुद्धा मोजक्या आकारांचा होतो. जुना नियम पाठ असू द्या: स्वच्छ उन्हात लेन्सचं छिद्र (अपर्चर) एफ १६, आणि शटर आयएसओच्या, म्हणजे उजेडाच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतकं: आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. सोलापुरात वर्षातले बहुतेक दिवस हा नियम उजेड मोजणाऱ्या मीटरशिवाय चालतो.

एक काळजी घ्याच. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत कॅमेरा बंद गाडीत ठेवू नका. स्वतः डोक्याला पंचा बांधा आणि अकरा ते चार आतच काम करा.

मागाचे फोटो काढायचे आहेत. कारखान्यात कसं जायचं?

विचारून. शहराच्या पूर्व भागातल्या पेठांमध्ये किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फिरलात की आवाजावरूनच कळतं, कुठल्या शेडमध्ये माग चालू आहेत. थेट आत घुसू नका. दारात उभं राहून मालकांना भेटा, आपण कोण, कुठं राहतो, फोटोंचं काय करणार ते सांगा. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच असू द्या. चहा आला तर नाही म्हणू नका. डिझाइन चोरीला जाण्याची भीती इथं खरी आहे, म्हणून कुठल्या मागावरच्या नव्या नक्षीचा फोटो नको ते आधीच विचारून घ्या. मालकांनी हो म्हटलं तरी कामगारांना वेगळं विचारा. फोटो त्यांचा असणार आहे.

आता आत काय बघायचं. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि चादरीची ओळख म्हणजे जकार्ड. मागाच्या वर छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ फिरत असते. छिद्र असेल तिथं सुई आत शिरते आणि ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथं धागा खालीच राहतो. त्यातूनच खाली मोर, फुलं, वेलबुट्टी उमटत जाते. वर पुठ्ठे आणि खाली नक्षी एकाच चौकटीत आली की फोटो बघणाऱ्याला कापड कसं घडतं ते शब्दाविना कळतं. काही ठिकाणी आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले आहेत, तेव्हा पुठ्ठे दिसले की वेळ घालवू नका.

आडवा धागा नेणारा धोटा या कडेहून त्या कडेला जातो तो डोळ्याला नीट दिसतच नाही. १/१५ च्या आसपास शटर ठेवून कॅमेरा खांबाला टेकवलात की माग स्थिर राहतो आणि धोट्याची रेघ उमटते. धोटा थिजवायचा असेल तर १/५०० च्या वर जावं लागेल, आणि तिथं ट्यूबलाइट आडवी येते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं जुन्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात आणि वेगवान शटरला फोटोत पट्टे पडतात. ट्यूबच्या उजेडात १/५० किंवा १/१०० वर राहा. वेगवान शटर हवं असेल तर दाराजवळच्या, दिवसाच्या उजेडातल्या मागापाशी उभे राहा.

हवेत सुताचा भुरा सतत उडत असतो, म्हणून आत लेन्स बदलू नका. ओढणी, सैल बाह्या, गळ्यात लोंबणारा कॅमेऱ्याचा पट्टा, काहीही फिरत्या पट्ट्याजवळ नेऊ नका. कानात कापूस घाला आणि बाहेर आल्यावर मनात आणा की हा आवाज कामगार पूर्ण पाळी ऐकतात. फोटोत आवाज येत नाही. पण हातवारे करून बोलणारे दोन कामगार, एकमेकांच्या कानाशी लागलेली तोंडं, यातून तो येतो. मला मागाच्या फोटोपेक्षा हे फोटो जास्त महत्त्वाचे वाटतात.

माग चालवणाऱ्यापाशीच थांबू नका. कांड्या भरणाऱ्या बायका, बिघडलेला माग कान लावून ऐकणारा जॉबर (माग दुरुस्त करणारा), रंगवून वाळत घातलेल्या सुताच्या लडी, शिवण मारणारी आणि घड्या घालणारी माणसं, सायकलवर गठ्ठे बांधून निघालेला पोऱ्या. एका चादरीच्या मागं ही सगळी रांग आहे, आणि ती पूर्ण टिपायला वर्षही अपुरं पडेल.

विडी वळणाऱ्या बायकांचे फोटो काढणं योग्य आहे का?

त्यांना पटलं तर योग्य, आणि कसे काढता त्यावरही बरंच आहे.

तेंदूची पानं भिजवायची, मापाला लावून कात्रीनं कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची. बोटांचा हा वेग बघून कुणाचाही कॅमेरा वर येतो. पण मजुरी हजार विड्यांवर मिळते. तुमच्यासाठी थांबलेला हात म्हणजे तिची बुडालेली मजुरी. 'जरा इकडं बघा, पुन्हा करून दाखवा' असं म्हणू नका. बाजूला बसा, काम चालू राहू द्या. आणि उजेडाच्या मोहात पडून या कामाला गोंडस करू नका. खोलीभर तंबाखूची धूळ असते, त्याच खोलीत मुलं अभ्यास करत असतात, खोकला असतो. तेही चौकटीत राहू द्या.

या विषयात सध्या इतिहास घडतो आहे. कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत उभी राहते आहे. त्यातल्या पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. पेठेतल्या भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात गेलेल्या कुटुंबाचं काय काय सोबत गेलं, काय मागं राहिलं, अंगणात पहिलं झाड कुणी लावलं, याची नोंद कॅमेऱ्यानं ठेवणारे लोक हवे आहेत. तुम्ही नवे आहात म्हणून तुम्हाला ते नव्यानं दिसेल.

मला तेलुगू किंवा कन्नड येत नाही. अडेल का?

अडणार नाही. पेठांमध्ये माणसं मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी यांच्यात सहज ये-जा करतात. 'काय मालक' म्हणून सुरुवात केलीत की निम्मं काम होतं. वयस्कर माणसाला अण्णा, बाईला अक्का म्हणा.

एकट्या बाईनं कॅमेरा घेऊन फिरावं का?

दिवसा मी बिनधास्त फिरते. उलट बाई असल्यामुळं मला स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं, जे पुरुष फोटोग्राफरला सहसा जमत नाही. नव्या गल्लीत शिरताना ओट्यावर बसलेल्या बायकांशी आधी बोलावं. त्यातली एखादी आपणहून सोबत चालू लागते. रात्रीच्या जत्रेत आणि मिरवणुकीत मात्र सोबत कुणीतरी असू द्या, कारण गर्दीत डोळा व्ह्यूफाइंडरला असतो आणि पाठ उघडी राहते.

गड्डा यात्रेत एवढी गर्दी असते, तिथं वेगळा फोटो मिळणार कसा?

मिळतो, पण आदल्या तयारीतून. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर महाराजांची यात्रा भरते. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची मिरवणूक निघते. आधी तैलाभिषेकासाठी शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, संक्रांतीला होम मैदानावर होम, मग शोभेचं दारूकाम. कुंभारकन्येचा सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी झालेला विवाह, ही अक्षतेमागची कथा. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' हा घोष एकदा अंगावर आला की तो विसरत नाही.

बाराबंदी (बंदांनी बांधायचा अंगरखा) घातलेली हजारो माणसं पांढऱ्या कपड्यात असतात आणि इथंच बहुतेकांचे फोटो फसतात. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेवर आणू बघतं, त्यामुळं पांढरं मळकट येतं आणि चेहरे काळवंडतात. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा आणि हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग जळत नाहीत ना ते पडद्यावर तपासत राहा.

अक्षतेच्या वेळी संमती कट्ट्यासमोर जागा मिळेल अशी आशा धरू नका, ती पहाटेपासून भरलेली असते. मी प्रदक्षिणेच्या दिवशी जाते. मिरवणूक साध्या वस्त्यांमधून जाते, लोक दारात रांगोळी काढून, पाण्याची घागर घेऊन वाट बघत उभे असतात. जड नंदीध्वज एकाच्या कमरेवरून दुसऱ्याच्या कमरेवर जातो तो क्षण तिथं हाताच्या अंतरावरून दिसतो. यात्रेच्या काही आठवडे आधी संध्याकाळी नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो. तिथं कुणी फोटोग्राफर फिरकत नाही. नवशिकी मुलं, दोऱ्या धरणारे, ओरडून सांगणारे काका, सगळे मोकळे असतात. मला विचाराल तर यात्रेतले माझे सर्वांत आवडते फोटो यात्रा सुरू होण्यापूर्वीचे आहेत.

गड्डा म्हणजे होम मैदानावरचे पाळणे, मौत का कुआँ, भांडी आणि खेळण्यांची दुकानं. रात्री पाळण्याचे दिवे टिपण्यापेक्षा दुपारी पाळणे जोडणाऱ्या कामगारांकडं जा.

निसर्ग अजिबातच नाही का?

आहे, पण तो गवताचा आहे. बार्शी रोडवर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ सालचं. माळढोक आता तिथं क्वचितच दिसतो, त्याच्यासाठी जाऊ नका. काळविटांचे कळप, चंडोल, धाविक, हिवाळ्यात येणारे भोवत्या ससाणे, नशीब असेल तर लांडगा. वनखात्याची परवानगी घेऊन आणि त्यांच्या माणसासोबतच जा. गाडी प्राण्यामागं पळवू नका, घरट्याजवळ आणि लांडग्याच्या बिळाजवळ जाऊ नका. पाऊस संपताना गवत हिरव्याचं तांबूस होतं आणि सकाळी त्याच्या तुऱ्यांत उजेड अडकतो. तो फोटो लांब लेन्सशिवायही मिळतो.

शहरात धर्मवीर संभाजी तलाव आहे, जुनी माणसं त्याला कंबर तलाव म्हणतात. तुळजापूर रोडला हिप्परगा तलाव. दोन्हीकडं पहाटे पक्षी असतात.

आणि आकाश बघा. सोलापूर पर्जन्यछायेत आहे, ढग येतात आणि बरेचदा न पडता जातात. म्हणूनच पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनं मेघबीजनाच्या, म्हणजे ढगांत कण फवारून पाऊस पाडण्याच्या प्रयोगासाठी हा भाग निवडला होता. शेतकऱ्याला हा ढग रडवतो. फोटोग्राफरनं तो टिपताना त्याखाली उभा असलेला माणूस विसरू नये. सप्टेंबरमधला परतीचा पाऊस संध्याकाळी वीज घेऊन येतो. उघड्या माळावर त्या वेळी थांबू नका, पक्क्या छताखालून काढा.

जवळपास कुठं जाता येईल?

हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना यांचा संगम, सुमारे चाळीस किलोमीटर. शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग तिथं आहे आणि मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. 'वाछि तो विजेया होईवा' ही त्यातली ओळ मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव ओळींपैकी एक मानली जाते. कोरीव अक्षरांवर समोरून फ्लॅश मारला की ती सपाट होऊन नाहीशी होतात. टॉर्च बाजूनं, दगडाला जवळजवळ समांतर धरा, प्रत्येक अक्षराला सावली मिळते आणि लेख वाचता येतो. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका.

नळदुर्ग धाराशिव जिल्ह्यात, पण सोलापूरहून सोयीचं. चांगला पाऊस झाला की किल्ल्यातल्या आदिलशाही काळातल्या बांधावरून बोरी नदीचं पाणी कोसळतं.

जुन्या गिरण्यांच्या जागी आता काही उरलेलं नाही. तिथं काय टिपायचं?

जे उरलं आहे तेच. जर्मनीतल्या बर्न्ट आणि हिला बेखर या जोडप्यानं १९५९ पासून अनेक दशकं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे एकाच पद्धतीनं टिपले: समोरून, ढगाळ उजेडात, माणसांविना. त्यातल्या अनेक वास्तू नंतर पाडल्या गेल्या. सोलापुरातल्या पाण्याच्या टाक्या, चिमण्या, पेठांमधल्या तालमींची दारं असा एखादा संच कुणीतरी करायला हवा. इथं गोष्टी किती झटकन जातात ते आपण पाहिलं आहे: सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी विमानसेवेला अडथळा ठरते म्हणून १५ जून २०२३ ला पाडली गेली, आणि शहराच्या त्या बाजूचं क्षितिज एका दिवसात बदललं.

इमारतींसोबत स्मृतीही टिपा. १९३० च्या मे महिन्यात इथं लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांचे पुतळे आपण रोज ओलांडतो. १२ जानेवारीला सकाळी तिथं उभे राहा आणि हार घालायला कोण कोण येतं ते बघा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारकही याच शहरात आहे.

कॅमेरा कोणता घेऊ?

आहे तोच. पैसे असतील तर ब्लोअर, पावसाळी पिशवी आणि प्रिंट यांवर खर्च करा. इथली धूळ कोरड्या कापडानं पुसलीत तर काचेवर ओरखडे पडतात. आधी हवा मारा, मग पुसा.

ट्रायपॉड, ड्रोन, रेल्वे स्टेशन, यांचे नियम?

भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, ट्रायपॉडसाठी परवानगी लागते. विमानतळ होटगी रोडला शहरालगतच असल्यानं ड्रोन उडवण्यापूर्वी सरकारच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन नकाशावर आपला भाग कोणत्या झोनमध्ये येतो ते बघा. स्टेशनवर स्टेशन मास्तरांना विचारा. रुळांवर उतरून फोटो काढणं गुन्हा आहे आणि जिवावरचं आहे. गाभाऱ्यात पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

काढलेल्या फोटोंचं करायचं काय?

छापा आणि ज्याचा आहे त्याला नेऊन द्या. ४ बाय ६ इंचाचा प्रिंट थोड्या रुपयांत होतो. मोबाइलवर पाठवलेला फोटो चार दिवसांत खाली जातो, छापलेला देवघराशेजारी लागतो. पुढच्या खेपेला तुम्ही येताना दिसलात की दार उघडलेलं असतं. चित्रकार आणि छायाचित्रकार ज्योती भट्ट यांनी गुजरात-राजस्थानातल्या खेड्यांमधल्या भिंतीवरच्या आणि अंगणातल्या चित्रकलेची वर्षानुवर्षं कॅमेऱ्यानं नोंद ठेवली, त्यातली बरीच कला नंतर त्या भिंतींवर राहिली नाही. पूर्व भागातल्या दारांपुढच्या मुग्गू, म्हणजे तेलुगू पद्धतीच्या रांगोळ्यांची अशी नोंद ठेवावी असं मला फार वाटतं, आणि कुणी सुरुवात करत असेल तर मी सोबत येईन.

दोन-तीन वर्षांत पुन्हा बदली होणार. एवढ्यात काय होणार?

एक पूर्ण वर्ष पुरे. मे महिन्यात शून्य सावली आणि पहाटेचं शहर. आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून पंढरपूरला जाते. श्रावणात नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. गणपतीत लेझीम, आणि तिचा सराव रात्री गल्लीगल्लीत चालतो. नवरात्रात तेलुगू भगिनींची बतुकम्मा, फुलांचे थर रचलेली. कोजागरीला तुळजापूरला चालत निघालेल्या लोकांनी रात्रभर रस्ता भरलेला असतो. तिथं फ्लॅश नको, रस्त्यावरच्या चहा-फराळाच्या मांडवांचा उजेड पुरतो. डिसेंबर-जानेवारीत शेतावर हुरडा, फेब्रुवारीत मंगळवेढ्याच्या बाजूला मालदांडी ज्वारीची काढणी. यातले दोनच विषय निवडा आणि त्यांच्यामागं वर्षभर राहा. ज्वारी निवडलीत तर पेरणीपासूनच एका शेतकऱ्याशी ओळख ठेवा आणि काढणीच्या आदल्या दिवशी फोन करून निघा, कारण मजूर मिळाले की काम लगेच उरकतात.